पोटोसीचा हिरवा स्फटिक आणि भोसरीची टाकी

माझी बत्तीस वर्षं फॉस्फोफिलाइट तयार करण्यात गेली आणि साठी उलटेपर्यंत मी ते एकदाही नुसत्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

हे जरा उलगडून सांगायला हवं. मी आधी भोसरीत आणि मग चाकणला कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होतो. कोऱ्या पत्र्यावर थेट रंग मारला तर तो पोपडे धरून निघतो. म्हणून आधी पत्र्याचं तेल काढायचं, धुवायचं आणि मग तो फॉस्फेटच्या टाकीत बुडवायचा. छोट्या वर्कशॉपमध्ये याला ‘सेव्हन टँक’ म्हणतात. टाकीतलं आम्ल पत्र्याचं थोडं लोखंड खातं, त्यामुळे पत्र्यालगतची आम्लता उतरते आणि द्रावणातलं जस्त नि फॉस्फेट तिथल्या तिथे स्फटिक होऊन पत्र्यावर बसतं. ज्या स्फटिकांत पत्र्याचं लोखंड शिरतं ते फॉस्फोफिलाइट. ज्यांत नुसतं जस्त ते होपाइट. दोन्ही मिळून त्यात फॉस्फोफिलाइट किती, तो आमचा ‘पी रेशो’. तो जितका वर, तितका रंग गंजाला पुरून उरणार. रेशो घसरला की सकाळच्या मीटिंगमध्ये माझी चंपी ठरलेली.

पण हे स्फटिक दहा मायक्रॉनहून लहान. डोळ्यांना दिसते ती पत्र्यावरची करडी, मखमली झाक. चौरस मीटरला दोन-तीन ग्रॅम एवढाच थर. एका कारची बॉडी आतून-बाहेरून धरली तर दोन्ही फॉस्फेटं मिळून जेमतेम पाव किलो. आणि हेच फॉस्फोफिलाइट निसर्गात इतकं दुर्मीळ की जगातल्या मोजक्या ठिकाणी सापडतं, आणि संग्राहकांनी जीव टाकावा असे स्फटिक मुख्यतः एकाच डोंगरातून आले: बोलिव्हियातला पोटोसीचा सेरो रिको, म्हणजे ‘श्रीमंत डोंगर’.

हे मला कळलं माझ्या भाचीकडून. ती स्पॅनिशची भाषांतरकार. एका जपानी कॉमिकमधल्या नायकाचं नावच फॉस्फोफिलाइट आहे म्हणे. केस पुदिन्याच्या रंगाचे, कठिणता दहापैकी साडेतीन, त्यामुळे येता-जाता तुटतं. “मामा, तू फॉस्फोफिलाइट बनवायचास आणि मला कधी सांगितलं नाहीस?” असं ती ज्या आवाजात म्हणाली, तसा आदर मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. रिटायरमेंटचे पैसे होते, दुभाषी घरचीच होती. बायको म्हणाली, “दगड बघायला तुम्हीच जा, मी फोटो बघेन.” जूनमध्ये निघालो.

पहिला दिवस: ला पाझ

मुंबईहून तीन विमानं बदलून ला पाझला उतरलो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. शहराचा विमानतळ वर एल आल्तोत, ४,०६० मीटरवर. म्हणजे साधारण अडीच कळसूबाई एकावर एक ठेवून त्यावर धावपट्टी केलेली. बॅग उचलली आणि खाली ठेवली. परत उचलली, परत ठेवली. शेवटी भाचीने ढकलत नेली.

या विरळ हवेच्या त्रासाला तिथे ‘सोरोचे’ म्हणतात. त्यावरचा पहिला उपाय म्हणजे ‘माते दे कोका’, कोकाच्या पानांचा चहा. चव गवती चहा आणि वाळलेला पालक यांच्या मधली. डोकं मात्र तासाभरात हलकं झालं. पानामुळे की बसून राहिल्यामुळे, सांगता येत नाही.

टॅक्सीबद्दल लिहिलंच पाहिजे. इथे जपानहून सेकंडहँड गाड्या चिलीच्या इकिके बंदरातून येतात आणि त्यांचं स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे हलवतात. आमच्या टॅक्सीत उजवीकडे डॅशबोर्डला जुन्या स्टिअरिंगच्या जागी भोक तसंच होतं, त्यात ड्रायव्हरने पाण्याची बाटली खोचली होती. मी खाली उतरून दाराच्या कडा पाहिल्या. रंग उडालेला, पण गंज कडेपासून आत सरकलेला नाही. कुणीतरी कुठेतरी पी रेशो चोख ठेवला होता. भाची म्हणाली, “मामा, चल. ते तुझ्याकडे गाडी विकत घेणारा म्हणून बघतायत.”

दुसरा दिवस

काही केलं नाही. केबल कारने वर-खाली फिरलो. इथे ती सिटी बससारखी आहे, लोक भाजीच्या पिशव्या घेऊन बसतात. खाली उतरलेली लाल विटांची घरं आणि मागे इल्यिमानी शिखराचा बर्फ. रात्री भात मागवला तर कच्चा. पाणीच मुळी सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी अंशांना उकळायला लागतं, तांदळाचा काय दोष? घरोघरी प्रेशर कुकर असतो, त्या खानावळीत नव्हता.

तिसरा दिवस: ओरुरो

ला पाझहून साडेतीन-चार तासांची बस. रस्ता सरळ, पठार करडं, मध्येच लामांचे कळप, कानांत लोकरीचे रंगीत गोंडे घातलेले. ओरुरो हे खाणकामगारांचं गाव. इथली देवी ‘विर्हेन देल सोकावोन’, म्हणजे खाणीच्या बोगद्याची आई. तिच्या देवळातूनच पायऱ्या उतरून थेट जुन्या खाणीत जाता येतं. वर देवी आणि खाली, अंधारात, शिंगं असलेला ‘तिओ’. जमिनीच्या वरचं राज्य तिचं, खालचं त्याचं. तिओबद्दल पुढे सांगतो.

ओरुरोत थांबायचं कारण वेगळं होतं. इथून जवळच हुआनुनीची कथिलाची खाण आहे आणि तिथून फॉस्फोफिलाइटची भावंडं येतात. दगड विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी काळ्या कागदात गुंडाळलेला एक नमुना काढला, दोन मिनिटं उघडा ठेवला आणि परत गुंडाळला. व्हिव्हियनाइट. लोखंडाचं फॉस्फेट, रेणूमागे आठ पाणी. ताजं असताना काचेसारखं, हिरवट पारदर्शक, पण उजेडात ठेवलं की त्यातलं लोखंड ऑक्सिडाइझ होत जातं आणि स्फटिक हळूहळू निळा, मग काळा पडतो. म्हणजे कपाटात मांडून मिरवायची सोयच नाही. जितकं दाखवाल तितकं मरेल. बाई म्हणाल्या, परदेशी लोक घेऊन जातात, खिडकीत ठेवतात आणि वर्षाने विचारतात, काळं कसं झालं?

दुसरं लुडलमाइट. तेच लोखंड, तेच फॉस्फेट, पाणी मात्र आठऐवजी चार. रंग कच्च्या सफरचंदाचा. हे प्रथम कॉर्नवॉलच्या खाणीत ओळखलं गेलं आणि नाव मिळालं हेन्री लुडलम या लंडनच्या संग्राहकाचं. आणि लुडलमाइटमधल्या लोखंडाच्या तीन अणूंपैकी दोन काढून तिथे जस्त बसवलं की कागदावर आमचं फॉस्फोफिलाइट. रचना मात्र वेगळी, त्यामुळे सख्खं नाही, चुलत नातं म्हणा.

लुडलमाइटचा एक छोटा तुकडा घेतला. वाटाण्याएवढा. परवडला.

चौथा दिवस: पोटोसी

सकाळच्या बसने निघालो. पाच-सहा तास. शेवटच्या तासात रस्ता चढत गेला आणि एका वळणावर तो दिसला. शाळेतल्या मुलाला डोंगर काढायला सांगितला तर तो जसा काढेल तसा: नीट त्रिकोण, विटकरी-तांबूस, अंगावर झाड नाही. ४,७८२ मीटर. खाली शहर ४,००० मीटरच्या वर. अंगभर मातीचे ढिगारे, रस्त्यांच्या रेघोट्या आणि काळी भोकं. ‘डोंगर पोखरून उंदीर काढणं’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. इथे जवळजवळ पाच शतकं डोंगर पोखरला आणि निघाली ती चांदी, इतकी की स्पॅनिशमध्ये मोलाची वस्तू आजही ‘एका पोटोसीच्या किमतीची’ असते.

१५४५ मध्ये दिएगो हुआल्पा नावाच्या तिथल्या मूळनिवासी माणसाला हरवलेले लामा शोधताना इथे चांदी सापडली, रात्री पेटवलेल्या शेकोटीखाली चांदी वितळून वाहू लागली, अशी कथा आहे. कथा कशीही असो, पन्नास-साठ वर्षांत इथे दीड लाखाच्या वर वस्ती झाली होती.

संध्याकाळी थंडीने दात वाजत होते. एका खानावळीत कालापुर्का मागवलं. मक्याच्या पिठाचं दाट, तिखट सूप, आणि वाडग्याच्या मधोमध तापवलेला ज्वालामुखीचा दगड. वाडगा समोर आला तरी आत रटरट चालू. सागुतीशिवाय करून द्या म्हणून भाचीने विनवलं, तर त्यांनी सागुती काढली आणि दगड ठेवला. मी दगड चमच्याने उलटा करून पाहत होतो. भाचीने कपाळाला हात लावला: “मामा, जेव.”

पाचवा दिवस: टांकसाळ

पोटोसीची पहिली टांकसाळ १५७२ मध्ये उभी राहिली. आज जी पाहायला मिळते ती ‘कासा दे ला मोनेदा’ नंतरची, १७५९ ते १७७३ या काळात बांधलेली, किल्ल्यासारखी. आत चांदीच्या पट्ट्या लाटायची लाकडी यंत्रं आहेत, दोन माणसं उंच, दातेरी चाकांची. ती फिरवायची खेचरं खालच्या मजल्यावर. वर तेलाचे डाग, खाली गोल फिरून झिजलेली फरशी. अंगणातल्या कमानीवर एक मोठा हसरा मुखवटा आहे. तो कोणाला हसतो यावर प्रत्येक गाइडचं वेगळं मत, आमच्या गाइडचं मत: स्पेनच्या राजाला.

इथे पाडलेले आठ रियालचे चांदीचे तुकडे साऱ्या जगभर फिरले. आपल्याकडेही आले. युरोपीय व्यापाऱ्यांना कापूस, नीळ, कापड, मिरी हवी असायची आणि त्यांच्या मालात आपल्याला रस नव्हता, मग किंमत चांदीत. सुरतेला उतरलेले रियाल मोगल टांकसाळीत वितळवून त्यांचे रुपये होत. पुढे ते कुणाच्या कमरेला लागले, कुणाच्या पायात गेले. माझ्या आजीच्या वाळ्यांची चांदी कुठून आली असेल हे मला या इमारतीत पहिल्यांदा मनात आलं.

पण त्या चांदीचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडायला हवा. व्हाइसरॉय तोलेदोने १५७३ पासून ‘मिता’ लावली: सोळा प्रांतांतून दर वर्षी सातातला एक पुरुष पोटोसीत सक्तीने कामाला, एका वेळी सुमारे तेरा हजार माणसं. आणि खनिजातून चांदी वेगळी करायला पारा, तोही पेरूतल्या हुआनकावेलिकाहून आणलेला. पारा अनवाणी पायांनी चिखलात मिसळायचा. आमच्या लाइनवर निकेलच्या थोड्याशा वाफेसाठी एक्झॉस्ट फॅन बंद पडला तर काम थांबायचं.

खनिजांचं दालन पाहिलं. मी ज्यासाठी आलो ते मला तिथे दिसलं नाही.

सहावा दिवस: डोंगरात

जायचं की नाही यावर रात्री वाद झाला. पर्यटकांनी माणसांचं मरण बघायला तिकीट काढून जावं का, हा भाचीचा प्रश्न होता आणि रास्त होता. माझं म्हणणं, ज्या मातीत ते स्फटिक वाढले ती न पाहता परत गेलो तर नुसता दुकानदाराकडे आलो असं होईल. शेवटी एका माजी खाणकामगाराला गाइड म्हणून घेऊन गेलो.

आधी कामगारांच्या बाजारात खरेदी. आत काम करणाऱ्यांसाठी भेट न्यायची रीत आहे: कोकाची पानं, सिगारेटी, लिंबूपाणी, आणि हो, डायनामाइट. पानपट्टीवर मिळावी तशी कांडी, वातीसकट, उघड्यावर. पानं कामगार गालात धरतात आणि त्याबरोबर राखेचा एक काळा खडा चघळतात. खडा नसेल तर पान लागत नाही. तंबाखूला चुना लागतो त्यातली गत. गाल फुगलेला, बार भरलेला, बोलणं तोंडातल्या तोंडात, हे सगळं मला अगदी ओळखीचं वाटलं. पानाने भूक आणि दम दोन्ही मरतात, आणि चव उतरली की किती तास झाले हेही कळतं. आत दुसरं घड्याळ नाही.

तोंडावरच्या लाकडी आधारांना लामाच्या रक्ताचे शिंतोडे. आत शिरल्यावर आधी थंडी, मग पन्नास-साठ मीटरवर गरम. कमरेत वाकून चालणं, पायाखाली रूळ, मध्येच “कार्रो!” अशी आरोळी की भिंतीला चिकटायचं आणि एक टनाचा डबा ढकलत दोन पोरं धावत जायची. पोरं म्हणतोय, वय विचारलं नाही. धूळ अशी की दिव्याचा झोत भिंतीसारखा उभा दिसतो. मी अकरा वर्षं सेफ्टी कमिटीवर होतो. मनात फॉर्म भरत चाललो होतो: मास्क नाही, वायुवीजन नाही, आधार कुजके. पाचव्या मुद्द्यावर थांबलो, कारण श्वास पुरेना. या धुळीने इथल्या माणसांची फुप्फुसं सिलिकोसिसने जातात, आणि सगळ्यांना ते माहीत असतं.

का जातात मग? गाइडने उकिडवं बसून सांगितलं. १९५२ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, सरकारी नोकरी, दवाखाना, किराणा मिळू लागला. १९८५ मध्ये कथिलाचे भाव कोसळले आणि सरकारने वीस हजारांहून जास्त कामगार घरी पाठवले. उरले ते सहकारी संस्था करून स्वतःच खणू लागले. ‘सहकारी’ म्हटल्यावर मला आपले साखर कारखाने आठवले, पण इथे सहकार म्हणजे एवढाच की हा बोळ तुझा, तो माझा. जितकं काढशील तितकं तुझं.

एका बोळाच्या टोकाला तिओ बसला होता. मातीचा, लाल, शिंगं, डोळ्यांच्या जागी काच, तोंडात जळती सिगारेट, अंगावर पानांचा ढीग आणि कागदी माळा. गाइडने बाटली उघडली, आधी थोडं जमिनीवर सांडलं पाचामामासाठी, म्हणजे भूमातेसाठी, मग तिओच्या पायाशी, मग स्वतःला. आपण ताटाभोवती चित्राहुती घालतो तेच. आणि तिओ म्हणजे आमच्या गावच्या वेशीवरचा म्हसोबा: बिडी द्या, बाटली द्या, पण वाकडं करू नका. मीही चार पानं ठेवली. फॉस्फोफिलाइट मागितलं का, असं भाचीने विचारलं. मागितलं होतं.

याच डोंगरात ‘युनिफिकादा’ नावाची खाण आहे. ती मुळात माउरिसिओ होशचिल्ड या खाणमालकाच्या कंपनीची होती. याच माणसाने नाझींच्या तडाख्यातून सुटलेल्या हजारो ज्यूंना बोलिव्हियात आणायला मदत केली, आणि राष्ट्रीयीकरणात त्याच्या खाणीही गेल्या. युनिफिकादातूनच १९५० च्या दशकात ते अप्रतिम स्फटिक निघाले, ज्यांनी या खनिजाचं नाव केलं. त्याआधी ते ओळखलं होतं १९२० मध्ये, बव्हेरियातल्या हागेनडोर्फच्या खाणीत, तेही बारीक स्वरूपात. नाव तेव्हाचंच: फॉस्फेट आणि ग्रीक ‘फिलॉन’, पान. एका दिशेने पानासारखं सुटतं म्हणून. आपल्या पाषाणच्या आणि जळगावच्या खदानींत मिळणाऱ्या हिरव्या अपोफिलाइटच्या नावातही हेच पान आहे. गंमत अशी की आमच्या मायक्रोस्कोपखाली फॉस्फोफिलाइट दाणेदार दिसायचं आणि पानासारखं पसरायचं ते होपाइट.

जस्ताची खनिजं या डोंगरात रगड, लोखंडही. पण दोन्हींना एकाच पोकळीत, थंडावत जाणाऱ्या पाण्यात, फॉस्फेट भेटायला हवं, आणि नंतर कुणी ती पोकळी सुरुंगाने उडवायला नको. आमच्या टाकीत हे तीन मिनिटांत जुळायचं कारण आम्ही जस्त नि फॉस्फेट ओतायचो आणि लोखंड पत्रा द्यायचा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आला की लोखंड मिळायचं नाही, मग नुसतं होपाइट. इथे डोंगराला कोण ओतणार?

चाळीस मिनिटांनी बाहेर आलो. वर पाहिलं तर शिखराचा काही भाग खचलेला. २०११ मध्ये तिथे मोठा खड्डा पडला आणि २०१४ मध्ये युनेस्कोने हे शहर धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं. आत खणणं चालूच आहे.

सातवा दिवस

गाइडच्या ओळखीने एका वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांचे वडील युनिफिकादात होते. घरात रेडिओ चालू, भिंतीवर विर्हेन देल सोकावोनचं कॅलेंडर. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, त्यातून कापूस, कापसातून आगपेटी, आणि आगपेटीतून ते.

अंगठ्याच्या नखाएवढा असेल. दोन स्फटिक पाठीला पाठ लावून वाढलेले, वरच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखी खाच. अशी जुळी फॉस्फोफिलाइटची ओळखच आहे. रंग मी वर्षभर फोटोंत पाहत होतो, पण फोटो खोटं बोलतात. हिरवा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर पाणी. पेलाभर पाण्यात मोरपिशी शाईचा एक थेंब सोडला आणि तो पूर्ण पसरायच्या आधी पाणी गोठलं, असा काहीसा. खिडकीकडे धरल्यावर आत एक सपाट पातळी लखकन चमकली. तिथून तो कधीही फुटू शकतो. नखाने ओरखडणार नाही, पण चाकूने सहज. गरम पाण्याने धुवायचा नाही, आतलं पाणी बांधलेलं आहे. खाली पडला तर विषय संपला. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, स्वतःच्या तळहातावर धरला आणि तळहात माझ्यासमोर आणला. तेच बरं झालं, माझे हात कापत होते.

मी भिंग लावून किती वेळ पाहिलं ते भाचीला माहीत. ती म्हणते अर्धा तास. माझ्या डोक्यात टाक्या होत्या, सकाळच्या शिफ्टचा हॉर्न होता, रोज सकाळी रेशोचा आकडा सांगणारा लॅबचा पोरगा होता. पी, पी, पी. ते ‘पी’ असं दिसतं तर.

त्यांनी किंमत सांगितली. ती मी बायकोला अजून सांगितलेली नाही, आणि घेणार नव्हतोच, त्यामुळे सांगायचं कारणही नाही. त्यांनाही विकायचं होतं असं वाटलं नाही. भाव सांगणं हा पाहुणचाराचा भाग असावा.

मग मी पिशवीतून माझा ऐवज काढला. रिटायर होताना लॅबच्या मुलांनी दिलेला फोटो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हजारपट मोठा केलेला पत्रा. दाण्याला दाणा चिकटलेला, कुठे फट नाही. त्यांनी चष्मा बदलून पाहिला. भाचीने सांगितलं, हेसुद्धा फॉस्फोफिलाइट आहे. त्यांनी मान वर केली.

“कुठल्या खाणीतलं?”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. “भोसरी,” मी म्हणालो.

“खोल आहे?”

“दोन-अडीच मीटर.”

त्यांनी परत फोटो पाहिला, मग मला. एवढ्या उथळ खाणीत इतकं दाट? मग भाचीने सगळं समजावलं: टाकी, पत्रा, आम्ल, जस्त. ते ऐकत राहिले, कोकाचं पान गालात सरकवलं, आणि व्यवहाराचं विचारलं: दिवसाला किती निघतं? मी मनातल्या मनात गुणाकार केला, होपाइट वजा केलं आणि जो आकडा सांगितला तो ऐकून त्यांनी रेडिओ बंद केला.

“मग ते विकता कुणाला?”

“विकत नाही,” मी म्हणालो. भाचीने भाषांतर केलं. “त्यावर रंग मारतो.”

त्यांनी स्फटिक आगपेटीत ठेवला, आगपेटी कापसात, कापूस डब्यात. फोटो मात्र परत दिला नाही. तो डब्याच्या झाकणाला आतून लावून घेतला, आणि खाली पेन्सिलीने गावाचं नाव लिहिलं, भाचीला एकेक अक्षर विचारून.